कामावर बिघाड एकीकडे आणि कारण भलतीकडेच, असं झालंय का? अनुभव लिहा

वेटोळे
सोसायटीची पाण्याची मोटर जळाली आणि लगेच 'कंपनीच बोगस, नवीन घ्या' सुरू झालं. मला गावचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार भरायचं, दुकान आठवलं. एका मळ्यातली मोटर सारखी जळून यायची. मालक म्हणायचे, तुम्ही तांबं हलकं भरता. एकदा मिस्त्रींनी कॉइल उपसायच्या आधी मला हाक मारली. स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागात, तीन फेजपैकी (विजेच्या तीन लाइन) दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर, तिसरीचं वॉर्निश अजून चमकत होतं. म्हणाले, "ओव्हरलोड असता तर तिन्ही करपल्या असत्या. एक फेज जातोय, मोटर दोनवर ओढतेय." मोटर तशीच ठेवून थेट मळ्यात गेले. मेन स्विचमध्ये एका फेजचा जोड ढिला, तापून करपलेला. तो बदलला, स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला, एक फेज गेला की तो मोटर बंद करतो. पुन्हा ती मोटर दुकानात आली नाही. अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळालं, हे भाग्यच.

रजनीगंधा
लॅबमध्ये आहे. एका वॉर्डाचे सकाळचे पोटॅशियम सगळे वाढलेले. पेशंट बरे, ईसीजी नॉर्मल, मशीन तपासायचे कंट्रोल नमुनेही बरोबर. शेवटी आमच्या मॅडम पहाटे वॉर्डातच जाऊन थांबल्या. रात्री काढलेलं रक्त खराब होऊ नये म्हणून सिस्टर फ्रीजमध्ये ठेवत होत्या. थंडीत पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि सीरम लाल दिसत नाही, मग शंका येणार कुठून? मॅडम सिस्टरना एक शब्द बोलल्या नाहीत, सॅम्पल न्यायची फेरी तेवढी लवकर करून घेतली. बाकी नंतर, सॅम्पल आलेत.

शेवंता
रजनीगंधा, नाइटला अख्ख्या वॉर्डाला एकटी सिस्टर असते गं. माझी बहीण याच कामात आहे. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग.

खतावणी
ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे जमा-नावे जुळवायच्या तक्त्यात, ५४० चा फरक. सगळे ५४० ची राहिलेली एंट्री शोधतायत. हेडक्लार्क काका म्हणाले, आधी ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला की बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. निघालंच, ६,८२० चे ६,२८० लिहिले होते. आता हिशेबाला टॅली सॉफ्टवेअर आहे, पण हाताने भरलेलं काही जुळलं नाही की मी आधी ९ नेच भागते.

शेवंता
हे भारी आहे! भिशीच्या वहीला लावून बघते.

माळरान
वेटोळे दादा, आमची बोअरची मोटर सिंगल फेजची आहे. तिला पण तो प्रिव्हेंटर लागतो का? कालपासून नुसती घूं करते, पाणी नाही.

वेटोळे
नाही हो, तो थ्री फेजला. तुमच्या पॅनेलमधला कपॅसिटर आधी बघा, फुगलाय का. मोटर बाहेर काढायची घाई करू नका, उगाच खर्च. आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरला लगेच हात लावू नका, त्यात चार्ज साठून राहतो, झटका बसतो.

माळरान
बरं. मुलगा शाळेतून आला की टॉर्च धरायला घेतो.