वय की जुनी जखम?

'साठीनंतरचे विस्मरण वयाचेच, डोक्याच्या जुन्या जखमेला दोष देऊ नये' हे मत पटत नाही. व्हिएतनाम युद्धात डोक्याला भेदक जखमा झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात भरतीच्या वेळच्या बुद्धिचाचणीचे गुण हाताशी होते (अशी सोय क्वचितच लाभते), त्यामुळे जखमेपूर्वीची आणि तीसेक वर्षांनंतरची स्थिती त्याच माणसाच्या बाबतीत ताडून पाहता आली. घसरण जखमी न झालेल्या सैनिकांपेक्षा अधिक निघाली; मूळची बौद्धिक क्षमता चांगली असलेले मात्र तुलनेने तगले. माजी सैनिकाला तपासताना नुसते 'बेशुद्ध पडला होतात का?' विचारून भागणार नाही, कारण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात शुद्ध न हरपलेल्या सौम्य दुखापतीनंतरही स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.