शिष्यवृत्तीच्या यादीतून झेडपीची पोरं कुठं गेली

कुणीकुणी म्हणतं की आधी शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत तालुक्यातल्या झेडपीच्या पोरांची नावं असायची, आता खाजगीवाल्यांचीच असतात, म्हणजे झेडपीचे गुरुजी शिकवत नाहीत. अर्धंच पटतंय. २०१६-१७ ला परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली, आणि खेड्यातल्या कितीतरी झेडपी शाळा चौथीपर्यंतच, मग पाया घालायचे झेडपीचे गुरुजी आणि पोरगं पाचवीला हायस्कुलात गेलं की नाव लागायचं हायस्कूलच्या बोर्डावर; २०२५ मध्ये परीक्षा परत चौथी-सातवीला आणायचं ठरेपर्यंत हेच चाललं.

माझी वहिनी दोनशिक्षकी शाळेवर होती, ती तरी चौथीच्या पोरांची शाळेआधी तासभर बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरची तयारी घ्यायची, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून नुसती गोल भरायची प्रॅक्टिस, कारण एक प्रश्न सोडला की पोरांचे खालचे सगळे गोल एकेक घर सरकतात (मोठ्यांचे पण सरकतात म्हणा). झेरॉक्सचे पैसे तिच्याच पर्समधून. आणि एनएमएमएसचं, म्हणजे गरीब घरातल्या हुशार पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचं, कुणी नावच काढत नाही, आठवीला परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, तेही सरकारी-अनुदानित शाळेतल्यांनाच, त्यामुळे खाजगीशी तुलना करायच्या आधी ती यादी पण उघडून बघा.