जुन्या पीसीत एसएसडी: सात हजारवाली घ्यावी का?

जुनाखोका: घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहे. सुरू व्हायला फार वेळ खातो. मदरबोर्डवर एकच एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे, मॅन्युअलमध्ये त्याच्या वेगाची पिढी पीसीआयई ३.० एक्स४ लिहिलीय. सगळे सेकंदाला ७००० एमबी वेगाची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घे म्हणतात. घेऊ का? फोटो जुन्याच डिस्कवर ठेवायचेत.

पेचकस: त्या आकड्याच्या मागे लागू नका. सात हजारवाली म्हणजे पीसीआयई ४.० ची एसएसडी, ती तुमच्या स्लॉटमध्ये चालेल, पण साधारण ३५०० च्या वर जाणार नाही. आणि मशीन सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचल्या जातात. हार्ड डिस्कचा हेड दर वेळी जागा शोधत फिरतो, खरा वेळ तिथे जातो. साडेपाचशेच्या साटा (हार्ड डिस्क जोडतात तीच जुनी जोडणी) एसएसडीनेही हा त्रास संपतो.

पैसे घालायचेच तर टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) एसएसडीवर घाला. क्यूएलसीत (एका पेशीत चार बिट) सुरुवातीचं लिखाण झपाट्याने होतं, पण कॅश (आधी लिहून घ्यायची वेगवान जागा) भरली की मोठी फाइल कॉपी करताना वेग हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. फक्त ब्राउझर आणि ऑफिस असेल तर तीही चालेल. व्हिडिओ एडिटिंगला मी कधीच सुचवणार नाही.

आणखी एक, मॅन्युअलमध्ये एम.२ च्या पानावरची बारीक टीप वाचा. बऱ्याच बोर्डांवर हा स्लॉट वापरला की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो. मग जुनी डिस्क दिसेनाशी होते आणि लोक ती मेली समजतात.

जुनाखोका: टीप आहे! पोर्ट ५ आणि ६ बंद होतात, आणि माझी डिस्क ५ वरच आहे. विंडोज क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करू का? डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) दाखवतेय.

पेचकस: मग केबल १ वर घ्या, पण आत्ता नाही. एनव्हीएमईवरून (पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडीवरून) बूट व्हायला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) लागतं, तेव्हा विंडोज नव्यानेच टाका. त्या वेळी हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की बूटच्या फायली कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि पुढे ती काढली की मशीन उठत नाही.

बसवताना पॉवर सप्लायचा स्विच बंद. २२८० मापाची एसएसडी म्हणजे ८० मिमी लांब, तेव्हा स्टँडऑफ (स्क्रू बसतो तो छोटा खांब) त्याच भोकात हवा. एसएसडी तिरकी आत सरकवा, मग दाबून स्क्रू लावा, हलक्या हाताने. हीटसिंक (उष्णता खेचणारं धातूचं झाकण) असेल तर त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची पट्टी सोलायची.

निळीवायर: फोटोंची दुसरी प्रत आधी करा, केबलला हात लावायच्या आधी. आणि एसएसडीवर डिलीट केलेलं परत मिळेल या भरवशावर राहू नका. ट्रिम (डिलीट केलेली जागा एसएसडीने आतून मोकळी करणं) चालू असलं की ते बहुतेक गेलंच समजा.

जुनाखोका: प्रत लावली आहे कॉपीला. टीएलसीच घेतो.