‘ब्राबू’ला मराठीत काय म्हणाल?

स्पेनमधल्या रॉक संगीतावर लेख लिहिते आहे. बहुतेक नावं सहज उतरली. आंदालुसिया प्रांतातल्या सेव्हिलच्या ‘त्रियाना’ बँडनं 1975 च्या ‘एल पातिओ’ या अल्बममध्ये फ्लामेन्को या तिथल्या लोकसंगीताची गायकी रॉकमध्ये मुरवली, ते ‘आंदालुसियाचं रॉक’. माद्रिदच्या कामगार वस्त्यांमधलं ‘लेन्यो’ बँडचं ते ‘शहरी रॉक’. बास्क प्रांतातल्या ‘रॉक रादिकाल’साठी तर आपला ‘जहाल’ टिळकांच्या काळापासून तयारच आहे.

अडले ती वायव्य स्पेनमधल्या गॅलिसियात, ‘रॉक ब्राबू’पाशी. रानातल्या किंवा खच्ची न केलेल्या जनावराच्या मांसाला जो उग्र वास येतो, तो ब्राबू. 1990 च्या दशकात ‘ओस दिप्लोमातिकोस दे मोन्ते-आल्तो’सारख्या बँडांनी गिटारच्या जोडीला अकॉर्डियन घेतलं, गॅलिशियन या तिथल्या भाषेत गायले आणि हे नाव अभिमानानं मिरवलं. ‘रानटी रॉक’ लिहिलं नि खोडलं, त्यात शिवी आहे. ‘गावरान’ चालेल का?

▪ गावरान नको, ताई. गावरान कोंबडी म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि तुमच्या शब्दानं नाक मुरडायला हवं. आमच्या गावी जत्रेला एकदा खच्ची न केलेला बोकड कापला होता. मसाला दुप्पट घातला तरी रश्शाचा वास जाईना, पोरं ताटावरून उठली. म्हातारे मात्र म्हणाले, यालाच खरी चव. तुमचा ब्राबू तो हाच. ‘रानवट’ घ्या. त्यात रान आहे, शिवी नाही.

▪ रानवटला माझंही मत. पण यात भाषेची लाजही आहे, ती सुटू देऊ नका. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत गॅलिशियन घरात नि शेतात उरली होती. 1981 मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. तरी किनाऱ्यावरची बोली अडाण्यांचीच समजली जायची. रिबेइराच्या एका बँडचं नाव पाहा: ‘एरेदेइरोस दा क्रुस’, क्रुसाचे वारस. प्रमाण उच्चार ‘क्रुथ’. यांनी किनाऱ्यावरचा ‘स’ ठेवला आणि लिहितानाही ‘स’च लिहिला. आपल्याकडे एखाद्या बँडनं ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असं ठसठशीत छापावं, तसं. शाळेत याच ‘न’साठी मला उभं केलं होतं, म्हणून हे नाव मला फार जवळचं वाटतं. आणि आपला ‘क्रूस’ पोर्तुगीजमधून, म्हणजे गॅलिशियनच्या सख्ख्या बहिणीकडून आलेला!

▪ दोघांचे मनापासून आभार. ‘रानवट रॉक’ पक्कं. पहिल्यांदा येईल तिथे ‘ब्राबू’ हा मूळ शब्द आणि लगेच बोकडाच्या रश्शाचं वाक्य घालते. न-ण आणि क्रूस यांची वेगळी चौकट करते.