मदत हवी आहे: टीबीच्या रिपोर्टात 'ट्रेस' आलंय, आहे की नाही?

सईची_आई: सासूबाईंना महिनाभर खोकला. काल सीबीनॅट या टीबीच्या टेस्टचा रिपोर्ट आला: 'एमटीबी डिटेक्टेड ट्रेस, रिफ रेझिस्टन्स इनडिटरमिनेट'. डॉक्टर परगावी, सोमवारी येणार. टीबी आहे की नाही? रेझिस्टंटवाला, म्हणजे औषधांना न जुमानणारा आहे का? अनुभव असलेल्यांनीच लिहा. 'डॉक्टरांना विचारा' नको, तेवढं मलाही कळतं.

लॅबवाली: वय? साखर? नमुना बेडक्याचा की गाठीतला? आधी कधी टीबी झाला होता का? हे कळल्याशिवाय कुणी 'आहे' किंवा 'नाही' म्हणालं तर ठोकून देतंय समजा. इनडिटरमिनेट म्हणजे रेझिस्टंट मात्र नव्हे, ठरवता आलं नाही एवढंच. सीबीनॅटच्या यंत्रातली अल्ट्रा कार्ट्रिज जंतू शोधते ती त्याच्या अंगात अनेक प्रती असलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरून. 'रिफ' म्हणजे रिफॅम्पिसिन, टीबीचं मुख्य औषध; ते चालेल का याचं उत्तर आरपीओबी जीनमध्ये असतं, त्याची प्रत एकच. जंतू अगदी थोडे, म्हणजेच 'ट्रेस' असले की ती हाती लागत नाही.

सांगलीचे_अण्णा: एवढं कशाला? आयजीआरए करून टाका. रक्ताची टेस्ट, थुंकीची कटकट नाही. मेव्हण्याची पॉझिटिव्ह आली, औषध सुरू, ठणठणीत.

लॅबवाली: अण्णा, जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच ती सांगते. आज आजार आहे का, हे नाही.

सांगलीचे_अण्णा: मग मेव्हणा बरा कसा झाला?

तिरकस: औषधाने.

निवांत_मी: रेझिस्टंट निघाला तरी आता पूर्वीसारखं दीड-दोन वर्षं इंजेक्शनं खात बसायला नको. टीबी-प्रॅक्टेकल ही औषधांची चाचणी वाचा. उझबेकिस्तान, बेलारूस, दक्षिण आफ्रिकेत झाली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, २४ आठवडे. ८९ टक्के रुग्णांचा निकाल चांगला, जुन्या औषधांवर ५२. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. डॉक्टरांकडे हीच मागा.

लॅबवाली: 'मागा'? ते आकडे प्रतिकार सिद्ध झालेल्यांचे. इथे अजून टीबीच सिद्ध नाही. आणि लिनेझोलिड म्हणजे लिमलेट नाही. आधीच्या निक्स-टीबी चाचणीत १२०० मिलिग्रॅमवर १०९ पैकी ८१ टक्के लोकांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला होता.

मांडवीकाठी: ट्रूनॅट करून बघा की, तीही सीबीनॅटसारखी टीबीची टेस्ट. आमच्या गोव्याच्या कंपनीचं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओची मान्यता. बॅटरीवर चालतं.

रोज_दोन_अंडी: आहाराचं कुणीच कसं बोलत नाही? झारखंडमधल्या रॅशन्स अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ दिली, तर त्यांच्यात टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ ला लॅन्सेटमध्ये आलंय.

सईची_आई: अहो, मी अंडी विचारली नव्हती! वय ६३, साखर आहे, बेडकाच दिला होता. टीबी तीन वर्षांपूर्वी झाला होता, कोर्स पूर्ण केला. बरा झालेला म्हणून लिहिलं नाही.

लॅबवाली: अहो, सगळं त्यावरच तर अडलंय! मेलेल्या जंतूंचा डीएनए फुप्फुसात राहतो, यंत्राला मेलेला-जिवंत कळत नाही. अलीकडे टीबी होऊन गेलेल्यांमध्ये ट्रेस असा फसवा येऊ शकतो. उलट महिनाभर खोकला आणि साखर, म्हणजे पुन्हा उलटला असण्याचीही शक्यता आहेच. पुन्हा नमुना द्या. सकाळचा, खोकून आतून काढलेला. त्याचं कल्चर करायला सांगा, त्यात जिवंत जंतूच वाढतात. एक्स-रे जुन्या एक्स-रेशेजारी ठेवून बघायला सांगा. आणि मधल्या वेळात कुणी नुसत्या खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिली तर आधी हा रिपोर्ट दाखवा. खोकला तात्पुरता बसतो आणि टीबी झाकला जातो.

सईची_आई: कल्चरला किती दिवस?

लॅबवाली: वाढलं तर लवकर कळतं. निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबतात.

सईची_आई: ४२?? तोवर सईला त्यांच्याजवळ ठेवायची की नाही? दहा महिन्यांची आहे, मी ऑफिसला जाते. मूळ प्रश्न तोच होता.

तिरकस: मूळ प्रश्न आम्ही आत्ताच पहिल्यांदा वाचतोय.

सांगलीचे_अण्णा: बीसीजी दिली असेल तर काही होत नाही.

लॅबवाली: अण्णा, बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, सगळ्यापासून नाही. ताई, पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर सोमवारची वाट बघू नका. सरकारी क्षयरोग केंद्रात उद्याच जा. आजींना मास्क, खिडक्या उघड्या, सई दुसऱ्या खोलीत. तिला खोकला, ताप? वजन वाढतंय?

सईची_आई: खोकला नाही. वजन गेल्या महिन्यापासून तेवढंच आहे. सासूबाई म्हणतात दात येतायत.

लॅबवाली: दात येत असतील. तरी उद्या दोघींनाही घेऊन जा.