गॅलरीत लावे पाळू द्यावेत का?

परसबागवाला:
आमच्या सोसायटीत वाद पेटलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने गॅलरीत आठ जपानी लावे (बटेर) आणलेत. लगेच ग्रुपवर सुरू, 'इथे काय पोल्ट्री काढायची आहे का?'

माझं मत, खुशाल पाळू द्यावेत. शहरात कोंबडी जमत नाही, लावा जमतो. जेमतेम १५० ते २०० ग्रॅमचा पक्षी, दिवसाला २०-२५ ग्रॅम खाद्य, सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो. आरवतो फक्त नर आणि खायच्या अंड्यांना नर लागतच नाही. तीन आठवड्यांचं पिल्लू झालं की छातीवरून कळतं: कोरी तांबूस छाती नराची, काळे ठिपके असतील तर मादी. भुंकणारा कुत्रा चालतो, मग मुकाट अंडी घालणाऱ्या माद्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

तिसरा_मजला:
तुम्ही त्या गॅलरीच्या वर राहत नाही, म्हणून सुचतंय. विष्ठेचा ट्रे रोज काढला तर ठीक. गणपतीला चार दिवस गावी गेले की अमोनियाने डोळे चुरचुरतात. शिवाय सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरामागून घुशी. त्या काही फक्त दुसऱ्या मजल्यावर थांबत नाहीत.

कायदेपंडित:
मुळात हा वन्यजीव कायद्यात येणारा पक्षी. वन खात्याला एक फोन केला की विषय संपला.

परसबागवाला:
फोन करण्याआधी वाचा. २०११ मध्ये केंद्राने लावे पाळायचे नवे परवाने रोखले होते, खरंय. २०१४ मध्ये जपानी लाव्याला या कायद्यातून सूट मिळाली. हा पक्षी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाहून आणलेला, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. रानातला लावा मात्र धरणं, विकणं, खाणं सगळा गुन्हा. बाजारात 'गावरान बटेर' म्हणून जाळ्यात धरलेले पक्षी विकतात, तिथे जरूर फोन करा.

ढोराडॉक्टर:
पशुवैद्यक आहे, म्हणून दोन्हीकडच्यांना चार शब्द. पुस्तकात एका पक्ष्याला २०० चौरस सेंटिमीटर जागा लिहिलेली असते, म्हणजे ए-फोर कागदाचा तिसरा हिस्सा. हा हिशेब धंद्याचा. घरी पाळायचे तर निदान तिप्पट द्या आणि कोपऱ्यात वाळूची परात ठेवा. परात ठेवल्या ठेवल्या बघा, सगळ्या एकमेकींच्या अंगावर चढून वाळूत लोळतात, पंख पसरून पार डोळे मिटून पडतात. नुसत्या तारेवर ठेवलेल्या पक्ष्याला हे कधीच मिळत नाही.

दुसरं, लावा दचकला की सरळ वर उडतो. दोन-तीन फूट उंचीचा पिंजरा सर्वांत वाईट, कारण वेग घेऊन डोकं आपटायला तेवढी उंची पुरते. टाळकं सोललेले पक्षी माझ्याकडे येतात ते अशाच घरांतून. पिंजरा फूटभर उंचीचाच ठेवा आणि छताला जाळीऐवजी कापड ताणा. पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, नाहीतर बुडून मरतात. आणि पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर खाद्य घालू नका, त्यांना २४ टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात.

मराठवाडी:
बर्ड फ्लूचं कुणीच बोलत नाही? २००६ मध्ये नवापूर झालं, २०२१ मध्ये आमच्या परभणीजवळ मुरुंबा. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी मारतात, त्यात म्हातारीच्या अंगणातल्या चार कोंबड्याही जातात. उद्या तुमच्या प्रभागात तेच झालं, तर पोरांना काय सांगणार?

परसबागवाला:
रोज वर्तमानपत्र वाचून घाबरायचं तर मग दूधही पिऊ नका. कबुतरांना गच्चीवर पोत्याने दाणे टाकतात, त्यावर कुणी ब्र काढत नाही.

अन्नपूर्णा७१:
ते अंडं दम्यावर, शुगरवर चालतं, कोलेस्टेरॉल नसतं म्हणे. खरं का?

ढोराडॉक्टर:
नाही हो ताई. वजनास वजन घेतलं तर कोंबडीच्या दुप्पट कोलेस्टेरॉल निघतं. अंडं १० ग्रॅमचं, म्हणून एका अंड्यात कमी दिसतं इतकंच. चवीला खा, औषध म्हणून नको.

जुनाखोंड:
वास, उंदीर, कायदा सगळं निस्तरता येतं. माझा आक्षेप वेगळा आहे. ही पाळीव लावी खुडूक बसत नाही, अंडी उबवत नाही; मशीनशिवाय पिल्लं नाहीत. १७-१८ दिवसांनी निघालेल्यांत निम्मे नर. ते एकमेकांची डोकी फोडतात, माद्यांच्या मानेची पिसं उपटतात. त्यांचं काय करायचं? आम्ही गावी कापतो आणि खातो, त्यात लपवाछपवी नाही. गॅलरीवाल्यांची तयारी आहे का?

परसबागवाला:
म्हणून तर फक्त माद्या विकत आणायच्या. पिल्लं काढायचीच कशाला?

जुनाखोंड:
म्हणजे तुमच्या वाट्याचे नर हॅचरीवाल्याने कापले. सुरी दुसऱ्याच्या हातात, एवढाच फरक. आणि वर्षाने अंडी कमी झाली की त्या आठ माद्यांचं काय? त्या आणखी वर्ष-दीड वर्ष जगतील, दाणे मागतील.

परसबागवाला:
पोसतील की. आठ पक्ष्यांना मिळून दिवसाला २०० ग्रॅम लागतं.

तिसरा_मजला:
तेवढं लेखी घ्या त्यांच्याकडून. ट्रे रोज काढायचंही त्यातच लिहा, मग माझी सही मिळेल.

जुनाखोंड:
माझी नाही मिळणार. पाळायचा तर शेवटपर्यंतचा हिशेब आधी मांडायचा.