जावा रिस्टोअर केली म्हणे! रंगवली म्हणा की

जुनाट_गॅरेज (टिळकवाडी)
काल इथं एकानं फोटो टाकला. वडिलांची १९६९ ची जावा मोटारसायकल पुण्यातल्या स्पेशालिस्ट वर्कशॉपमधून आणली, पावणेदोन लाख गेले आणि वर मथळा: 'कंपनीतून निघाली तशी!' मी फोटो मोठा करून बघितला. चासीला पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरचा रंग), टाकीवर हातानं मारलेल्या रेघेच्या जागी स्टिकर, बारा व्होल्टचं वायरिंग आणि पुढं डिस्क ब्रेक. म्हैसूरच्या कारखान्यानं डिस्कवाली जावा कधी काढली होती ते सांगा, मी कान धरतो. गंज काढायचा, झिजलं ते बदलायचं, उरलेल्याला हात लावायचा नाही, याला रिस्टोरेशन म्हणतात. तुम्ही केलं ते नव्या नवरीचा मेकअप. २०२१ च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आता न्या तपासणीला आणि सांगा 'कंपनीतून निघाली तशी'.

खानापूरचा_थोरला
फोटो माझाच. व्हीए नंबरासाठी वीस हजार भरायचे आणि वर रोज चालवायचीही नाही. मग काय आरती ओवाळू? मला ती बाजाराला न्यायची आहे. डिस्कचं म्हणाल तर चोर्ला घाट उतरताना ड्रम तापून ब्रेक लागेना, तेव्हा मागं बायको बसली होती. कठड्याला घासत थांबलो. तुमचं 'ओरिजिनल' त्या वळणावर येऊन सांगा.

उद्यमबाग_लेथ
डिस्क-बिस्क मरू दे. पुण्याला कशाला नेलासा ओ? बेळगावची अख्खी उद्यमबाग कास्टिंग आणि मशिनिंगवर जगतीय, आणि आपली माणसं इंजिनाचा क्रँक करायला पुण्याला जातात! क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशापर्यंत सरळ आम्ही बी आणतो की. पण आमच्याकडं एसीचं ऑफिस न्हाई, इन्स्टाग्राम न्हाई. एक गिऱ्हाईक असंच बाहेरून चासी सँडब्लास्ट करून (वाळूचा फवारा मारून) आलं. चासीवर कोरलेल्या नंबरावर पट्टी लावायचं कुणाला सुचलं न्हाई, निम्मे आकडे पुसले. वर पावडर कोटिंगचा थर. आरटीओत सहा महिने फेऱ्या.

खानापूरचा_थोरला
मामा, इथल्या दोघांकडं आधी टाकली होती. एकानं आठ महिने खोलून पोत्यात ठेवली, परत मागितली तर कार्बोरेटर दुसऱ्याच गाडीचा. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत असेल.

उद्यमबाग_लेथ
माहीत हाय.

निपाणीची_लेक
रंग-डिस्कवर काय भांडताय? पेट्रोलचं बघा. अप्पांची येझदी, जावाचीच बहीण, मी जपलीय, तंबाखूच्या वखारीपर्यंत ते तिच्यावरच जायचे. आता वीस टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी पावसाळाभर उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी. माझ्या पेट्रोलच्या कॉकचा कॉर्क फुगला, पाइप कडक झाला, कार्बोरेटरात पांढरी भुकटी. पावणेदोन लाख घालवा नाहीतर पावणेतीन, पंपावर एकदा टाकी फुल केली की संपलं.

चिकोडीचा_ऊसवाला
आलं का इथेनॉलवर! ताई, ते आमच्या उसापास्नंच बनतं, तुमच्या एका कॉर्कसाठी आमचा ऊस जाळायचा काय? कारखाने नुसत्या साखरेवर चालायचे तेव्हा आमचं बिल दोन-दोन हंगाम अडकायचं. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला उसाच्या टनाला ३,५०० साठी आंदोलनाला बसलो होतो, तेव्हा जावावाला एक बी दिसला न्हाई.

निपाणीची_लेक
मिळाले का ३,५००?

चिकोडीचा_ऊसवाला
३,३०० वर उठलो. तुम्हाला काय करायचंय?

निपाणीची_लेक
काही नाही. इथेनॉलचा पैसा कुणाच्या खिशात गेला एवढंच विचारते. माझ्या माहेरचा पण ऊसच आहे दादा, मला शिकवू नका. बिनइथेनॉलचा एक नोजल मागतेय, तुमचा फड पेटवा म्हणत नाही.

चिकोडीचा_ऊसवाला
नोजल ठेवा की. कोण नको म्हणतंय. पण 'इथेनॉलनं वाटोळं' म्हणू नका. तुमच्या येझदीपेक्षा आमचा ट्रॅक्टर जुना हाय आणि अजून नांगरतोय.

जुनाट_गॅरेज (टिळकवाडी)
ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, दादा.

चिकोडीचा_ऊसवाला
बरं, तुम्हीच शहाणे.

जुनाट_गॅरेज (टिळकवाडी)
धागा माझा होता, साखर कारखान्याचा नव्हे. असो. थोरले, बारा व्होल्टचं मान्य. सहा व्होल्टचा दिवा चोर्ल्याच्या धुक्यात काजव्याएवढा दिसतो, मीही गुपचूप बदललाय. डिस्क मात्र नाही. ड्रमचे लायनर नीट बसवून घेतले असते तर थांबली असती.

खानापूरचा_थोरला
म्हणजे तुमची पण 'कंपनीतून निघाली तशी' नाही!

जुनाट_गॅरेज (टिळकवाडी)
मी मथळा दिला नव्हता.

उद्यमबाग_लेथ
थोरले, जुना फोर्क आणि ड्रम भंगारात टाकला न्हाई न्हवं? ठेवा. आणि ताई, कॉर्क परत लावू नका, नायट्राइल रबराचा वायसर कापून देतो. कॉक घेऊन या. शनिवारी लाइट नसती, रविवारी या.